आमचा बँड आणि आपला बँड

रशीदभाई,

मास्तर तुमच्यासाठी जेवढे रडले तेवढे माझ्यासाठी रडतील असं मला वाटत नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. खरं आहे ते.

तुम्ही गेलात त्याला आज पस्तीस दिवस झाले. ही लेकीची जुनी शाळेची वही आहे, मागची पानं कोरी राहिली होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, आणि बोलायची तर त्याहून नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. बावीस वर्षं दर शुक्रवारी तुम्ही आमच्या घरी आलात, आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी जे बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. "चहा ठेवलाय." "ते शेतात गेलेत." "बसा, येतील." तुम्ही समोर असताना तोंड उघडलं नाही. आता तुम्ही उलटून काही म्हणणार नाही, म्हणून बोलते.

माझ्या नवऱ्याला मास्तर पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. लग्नाच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे, पण तेव्हा बँडचा मास्तर दुसराच होता. तुम्ही म्हणालात आणि सगळ्या बाळापूरने तो शब्द उचलला. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मलाही तो सोयीचा पडला. म्हणजे माझ्या नवऱ्याला हाक मारायचा शब्दसुद्धा तुमच्याकडूनच आलेला. बघा, मी कुठून कुठून जळत आले.

सुरुवात ट्रम्पेटच्या मधल्या बटणापासून झाली. ते अडकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी वरात वाजवायची होती. टेप, रेडिओ, मिक्सर दुरुस्त करणारा एक जण नुकताच सौदीहून परत आलाय, त्याचा हात चांगला आहे, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मास्तर तुमच्या दुकानात आले. सकाळी गेलेला माणूस दुपार टळल्यावर घरी आला. बटणाचं नाव नाही. चपला काढता काढता म्हणाले,

"अगं, गोऱ्यांच्या देशात बी बाजा हाय."

मी म्हटलं, "असल की. लग्नं तर त्यांची बी होतात."

"लग्नाचा न्हाई. गिटार हाय, ड्रम हाय, गाणारा हाय, आन् त्यात आमच्यासारखे फुंकणारे तिघं. हॉर्न म्हणतात त्याला."

मला एकच हॉर्न माहीत होता. वारंगा फाट्यावर ट्रका उभ्या राहतात, त्यांचा. मी म्हटलं, "मग दुकानात जायचं काहून? फाट्यावर उभं राहायचं. दिवसभर हॉर्न."

ते चिडले. पण पुढच्या शुक्रवारी तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा त्यांनी हे तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही इतकं मोठ्याने हसलात की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "भाबी सही बोले. मास्तर, फाटे पे जाके बैठना अपन." मी पडद्यामागे चहाची कपबशी धरून उभी होते. माझ्या बोलण्यावर परका माणूस हसला, असं तोवर कधी झालं नव्हतं. आनंद झाला की राग आला हे मला ठरवता येईना. शेवटी राग आला असं ठरवलं. ते सोपं होतं.

तेव्हापासून शुक्रवार तुमचा झाला. जुम्म्याची नमाज झाली की दुकान बंद ठेवून तुम्ही कापडी पिशवीत कॅसेटी घेऊन यायचात. टेप तुम्हीच जोडून दिलेली, ती आमच्याकडे असायची. कॅसेटी मात्र येताना आणायच्या, जाताना न्यायच्या. त्या तुम्हाला सौदीत केरळच्या एका सोबत्याने दिल्या होत्या. अमेरिकेचा जुना बँड, तुमच्या-आमच्या तरुणपणाच्याही आधीचा. मास्तर एकदा म्हणाले, "आता सगळं मोबाइलवर सापडतं." तुम्ही म्हणालात, "मोबाइल का आवाज? जैसे पत्रे पे वाटाणे गिर रहे." पुन्हा तो विषय निघाला नाही.

आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाज, टेप आणि तुम्ही दोघं. आतल्या खोलीत चूल, नंतर गॅस, आणि मी. मध्ये माझ्या जुन्या साडीचा पडदा. त्या पडद्याआडून मी सगळं ऐकलं. आधी गिटार एकटी यायची, कुणी अंगणात पाय घासत चालल्यासारखी. मग ड्रम. मग गाणारा दोन ओळी म्हणायचा. आणि मग ते तिघं फुंकणारे एकदम यायचे, दार न वाजवता घरात शिरणाऱ्या पाहुण्यांसारखे. पहिल्या दिवशी माझ्या हातातली परात पडली होती. तुम्हाला वाटलं मांजर आलं.

शब्द तर तुम्हालाही कळत नव्हते आणि मास्तरांनाही. पण तुम्ही काय समजावून सांगायचात. एकदा म्हणालात, "मास्तर, आजी गोष्ट सांगायची तेव्हा तुमी काय करायचे? हूं म्हणायचे ना? हूं म्हणणारा झोपला तर आजी गोष्ट बंद करती. ये तीन बंदे हूं बोल रहे. पर ये जरा वांड लेकरं हैं. हूं के साथ टोकते भी. हूं? फिर? झूट!" आणि मग पुन्हा टेप मागे फिरवून लावलीत, आणि मला आत पिठाच्या हातांनी खरंच ते ऐकू आलं. गाणारा काही तरी सांगतोय आणि हे तिघं त्याला सुखाने सांगू देईनात. मी सेनगावकडच्या तांड्यावरची. माझी याडी, म्हणजे आई, गोष्ट सांगायची तेव्हा हूं म्हणायचं काम माझं होतं. ते कुणी बाजावर वाजवत असेल हे माझ्या मनात कधी आलं नसतं. तुम्ही सांगितलंत. पण सांगितलंत मास्तरांना.

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, रशीदभाई. तुमच्यासमोर जो माणूस हात हलवून, डोळे मोठे करून तास तास बोलायचा, तो तुम्ही गेल्यावर मला विचारायचा, "भाजी काय?" मी कधी धीर करून म्हटलं, "आज ते नवीन लावलं होतं का?" तर म्हणायचे, "ते आमच्या बँडचं हाय, तुला न्हाई कळायचं."

आमच्या. तुमच्याशी बोलताना ते म्हणायचे, "रशीद, आपल्या बँडसारखं कुणाला जमलं न्हाई." आणि मला म्हणायचे, "आमचा बँड." चौथीत गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं की ज्याच्याशी बोलायचं तो धरून असेल तर आपण, तो सोडून असेल तर आम्ही. मी तेव्हा पाठ केलं. कळलं ते पडद्यामागे.

तुम्हाला वारंग्याचं लग्न आठवत असेल. माझ्या मावसबहिणीच्या लेकीचं. बँड मास्तरांचाच सांगितला होता. तुम्ही दोघांनी महिनाभर दुकानामागे बसून क्लॅरिनेटवाल्याला आणि दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला त्या अमेरिकेच्या बँडचं एक गाणं शिकवलं. कुठलं, तर ते सात मात्रांचं. वरात म्हटली की चार मात्रा, पाय आपोआप पडतात. तुमचं ते सातचं सुरू झालं आणि पुढे नाचणारे सगळे एकमेकांवर पडायला लागले. पाय टाकावा तर ताल निघून गेलेला, थांबावं तर ताल परत आलेला. घोडीसुद्धा अडली. माझी मावशी माझ्या कानात म्हणाली, "काय गं, तुझ्या नवऱ्याला कुणी मागून ढकलून राहिलं का?"

नवरदेवाचा मामा पुढे आला. "मास्तर, वरात चालली का गाडं खड्ड्यात चाललं?"

तुम्ही बँडमध्ये नव्हता, नुसते सोबत चालत होतात, पण उत्तर तुम्हीच दिलंत. "पाहुणे, थोडे कदम ज्यादा हैं, बस. घर जाके मोजा."

"घरी जाऊन मोजायचं तर लगीन बी घरीच लावतो की. नागीन वाजवा."

मग मास्तरांनी मुकाट्याने ते नेहमीचं वाजवलं आणि लोक नाचले. परत येताना जीपमध्ये तुम्ही दोघं पुढे आणि मी मागे बायकांत. एवढी फजिती झाली तरी तुम्ही खुशीत होता. चूक कुठे झाली यावर बाळापूरपर्यंत भांडलात. तुम्ही म्हणालात, साइड ड्रमवाला तिसऱ्या फेरीला घसरला. मास्तर म्हणाले, तोच.

रशीदभाई, तो घसरला नव्हता. तिसऱ्या फेरीला सातवी मात्रा पुरी व्हायच्या आत मास्तर शिरले. बायकांच्या घोळक्यात उभी राहून मी पदराखाली बोटांवर मोजत होते. तोवर मला त्या गाण्याची सवय झाली होती. शुक्रवारी भाकरी थापताना माझे हात तसेच पडायचे, सहा थापा आणि सातव्याला फिरवायची. त्या सगळ्या वरातीत ते गाणं बरोबर मोजणारी मी एकटी असेन. तुम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या ड्रमवाल्याला वर्षभर बोल लावला. मला जीपमध्ये सांगता आलं असतं. पण ते तुमचं भांडण होतं. त्यात मला कुणी घेतलं नव्हतं.

असं मी मनात म्हणत आले, आणि आता लिहिताना हात अडखळतो. कारण एकदा तुम्ही घेतलं होतंत.

पावसाळ्यानंतरचे दिवस होते, सोयाबीन काढून झालं होतं. कुणीतरी बोलावलं म्हणून मास्तर चौकापर्यंत गेले होते. टेप चालू होती. तुम्ही बाजेवर बसलेले आणि मी चहा ठेवायला बाहेर आलेली. गाणं संपलं. तुम्ही माझ्याकडे न बघता, टेपकडे बघत विचारलंत, "भाबी, अपना बँड कैसा लगा?"

मी कपबशी ठेवली आणि आत पळाले. पळालेच. आत जाऊन उगाच डबे खाली काढले आणि वर ठेवले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. चहा पिऊन कप उंबऱ्याजवळ आणून ठेवलात आणि म्हणालात, "अच्छा था भाबी." चहा की गाणं, कोण जाणे.

अपना म्हणालात तुम्ही. माझ्या नवऱ्याने एवढ्या वर्षांत जो शब्द मला दिला नाही तो तुम्ही सहज दिलात आणि मी तो तिथेच टाकून आले. याचा मी नंतर तुमच्यावर राग धरला. माझ्यावर धरायला हवा होता, पण स्वतःवर राग धरायला फार बळ लागतं. दर शुक्रवारी मी वाट बघायची की आज पुन्हा विचारतील. उत्तर तयार करून ठेवलं होतं. तुम्ही भला माणूस, एकदा बाई पळाली म्हणजे तिला आवडत नाही असं समजून गप्प बसलात.

उत्तर असं होतं की तुमचं बरोबर आहे आणि मास्तरांचं चूक.

तुमचं ते जुनं भांडण. त्या बँडच्या आधीच्या कॅसेटी चांगल्या की नंतरच्या. तुम्ही म्हणायचात, सुरुवातीला ते फुंकणारे गाणाऱ्याच्या बरोबरीने भांडतात, नंतर नंतर गाणारा एकटाच रडत बसतो आणि बाजा मागे उदबत्तीसारखा जळत राहतो. "बाजे को पीछे बिठा दिया मास्तर, जैसे बाराती नहीं, मंडपवाले हैं." आणि मास्तर म्हणायचे, "माणूस दमतो, रशीद. सारखं भांडण कुठवर ऐकायचं? एखांद्या टायमाला गपचिप बी ऐकावं." तुम्ही म्हणायचात, गपचिप ऐकायला कव्वाली आहे, भजन आहे, हे कशाला. मास्तर म्हणायचे, तुला मऊ काही समजतच नाही. कधी कधी चिडून दोन दोन शुक्रवार बोलत नव्हता. पण यायचात. न बोलता ऐकून जायचात.

मी आतून तुमच्या बाजूची होते. मला त्या पहिल्या कॅसेटीच आवडायच्या. घरात वर आवाज न केलेली बाई मी, आणि मला तेच तिघं आवडायचे, बोलणाऱ्याला मध्येच टोकणारे. मऊ गाणं लागलं की मी मोठ्याने भांडी घासायची. मास्तर ओरडायचे, "अगं, हळू." तुम्हाला कधी कळलं का, की ती भांडी तुमच्या बाजूने वाजत होती?

मग तुम्ही गेलात. कसे, काय, ते सगळ्या बाळापूरला माहीत आहे, ते मी लिहीत नाही. मास्तरांनी खांदा दिला. कबरस्तानातून आले ते अंगणात बसून रडले, गडी माणूस, शेजारपाजार बघत असताना. मी पाणी घेऊन उभी. माझ्या मनात काय आलं ते वर पहिल्याच ओळीत लिहिलंय. त्याच वेळी आलं होतं. तुम्ही मातीत जाऊन दोन तास झाले नव्हते आणि मी तुमच्याशी हिशेब मांडत होते. मला माफ करा म्हणणार नाही. पुन्हाही तसंच आलं असतं.

त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले. हूं, न्हाई, नको. ट्रम्पेट खुंटीला होतं ते खुंटीलाच. एका लग्नाला बोलावलं, गेले नाहीत. शेतात जायचे, बांधावर बसून परत यायचे. लेकीचा फोन आला तर माझ्या हातात द्यायचे. पहिला शुक्रवार आला. मी म्हटलं, मोबाइलवर तरी लावा काहीतरी.

"न्हाई."

"काहून?"

"एकट्यानं काय ऐकायचं?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, रशीदभाई. सुपात तूर होती. ती निवडायला मी आत गेले. पण तो एकट्यानं शब्द काही मला निवडून टाकता आला नाही.

चौथ्या आठवड्यात ते स्वतःहून एक वाक्य बोलले. "कॅसेटी तिकडं पडल्या असतील." मेहरुनभाबी इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांनी घराबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषाने त्यांना भेटायचं नाही. मास्तरांना जाता येत नव्हतं. मला जाता येत होतं. ते मला जा म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले.

मी गेले. तुमच्या घरी मी ईदेला शीरखुर्म्याची वाटी परत द्यायला यायची तेवढीच, दारातून. या वेळी आत बसले. मेहरुनभाबी पांढऱ्या ओढणीत भिंतीला टेकून बसलेल्या. मला वाटलं होतं, यांनी तरी या बँडचा शुक्रवारखेरीजचा सगळा वाटा मिळवला असेल. रोज ऐकलं असेल. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं असेल. मी त्यांच्यावरही थोडी जळत होते, खोटं कशाला बोलू.

त्यांनीच विषय काढला. "भाबी, वो कॅसेटां ले जाव. मेरेकू तो डोका उठता था. नवीन लग्न होऊन आले तवाच बोली मैं, ये पों पों इस घर में नको. तब से बिचारे बाहर बाहर." मग म्हणाल्या, "आपको बरसों तकलीफ हुई."

"न्हाई," मी म्हटलं.

"वहाँ क्या बोलते थे वो? मेरे सामने तो मिक्सर की बात करते थे, बिजली के बिल की. जुम्मे को इतना हँसके घर आते थे. मैं सोचती, क्या है ऐसा मास्तर के घर में."

तर रशीदभाई, मी त्यांना सांगितलं. हूं म्हणणाऱ्या तीन वांड पोरांचं सांगितलं. पत्र्यावरच्या वाटाण्यांचं सांगितलं. वारंग्याच्या मामाचं सांगितलं तेव्हा त्या इद्दतीत बसलेल्या बाईला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मी इतकं कुणाशीच कधी बोलले नव्हते. तुमच्या बायकोला तुमचं बोलणं मी सांगत होते, आणि मला कळत होतं की माझ्याकडे तुम्ही किती होतात. चोरून ऐकलेलं सगळं साठलेलं होतं. त्यांच्याकडे नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पिशवी घेऊन मी घरी आले. मास्तर शेतात होते. आणि मी ती पिशवी माझ्या पेटीत, लेकीच्या बाळंतपणाच्या गोधड्यांखाली ठेवली, कुलूप लावलं.

मास्तर आले. "भेटली का?"

"व्हय. बऱ्या हायत."

बस. एवढंच सांगितलं. का, ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मला वाटलं, कॅसेटी दिल्या की ते बोलतील, पण तुमच्याशी बोलतील. बाजेवर बसून भिंतीशी बोलतील आणि मी पुन्हा पडद्यामागे. जिवंत होतात तोवर निदान संध्याकाळी घरी तरी जायचात. आता कधी जाणार? गप्प असलेला नवरा पूर्ण माझा होता. मुका, पण माझा. नऊ दिवस मी त्यांना तसं ठेवलं. भात कालवून उठायचे, मी बघायची. तोंड उतरत चाललेलं, मी बघायची. किल्ली माझ्या कमरेला.

काल शेजारची सखू सांगत आली. "मास्तर तुझे, रशीदच्या दुकानापुढं उभे होते. शटर बंद. उन्हात किती येळ. मी म्हणलं कुणाची वाट बघता, तर म्हणे, कुणाची न्हाई."

उन्हात उभे. ज्या दुकानात मधलं बटण घेऊन गेले होते, तिथे. मी सखूला पाणी दिलं, ती गेली, आणि मी पेटीजवळ बसून राहिले. हा माणूस मुका ठेवून मला मिळाला असता तर मी ठेवला असता, इतकी मी वाईट आहे. पण तो मिळत नव्हताच. तो नुसता कमी होत होता.

आज शुक्रवार. नमाज सुटायच्या वेळेला मी पिशवी बाजेवर नेऊन ठेवली.

"कवा आणल्या?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस काय करून राहिली होतीस?"

"लपवून ठेवल्या होत्या."

"काहून?"

ते रागवतील असं वाटलं. रागावले नाहीत. पिशवीतल्या कॅसेटी एक एक काढून तुमच्यासारख्याच रुमालाने पुसल्या. मग नंतरच्या कॅसेटींतली एक लावली, त्यांची आवडती, मऊ. मी आत जायला वळले. तो गाणारा रडायला लागला, बाजा मागे घुटमळत होता, आणि माझे पाय काही पुढे जाईनात.

"हे नको," मी म्हटलं.

"काय?"

"हे नका लावू. पहिलीतलं लावा. ह्यात बाजा नुसता मागं उभा हाय. गाणाऱ्याला कुणी टोकत न्हाई, म्हून तो आपलाच रडून राहिला."

मास्तर माझ्याकडे असे बघत होते जसं टेपच बोलली. "तुला काय कळतं?"

"बावीस वर्षं ऐकून राहिले."

"आतून?"

"आतूनच."

"हे रशीदचं बोलणं हाय."

"त्यांचं बराबर होतं."

"बराबर?" ते उठले. "अगं, रशीदला गाणं कळत होतं, दम कळत न्हवता. फुंकणाऱ्याला इचार. सारखं वरच्या पट्टीत भांडायचं तर छातीचा भाता होतो. ही माणसं म्हातारी झाली, दमली, म्हून मागं सरकली. ती हारली न्हाईत. ऐक. ऐक हे." आणि त्यांनी टेप मागे फिरवली. मी ऐकलं आणि म्हटलं, दमलेला माणूस गप्प बसतो, मागे बसून उदबत्ती लावत नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. ट्रम्पेट एका जागी श्वास कसा चोरतो ते बोटाने हवेत दाखवलं. मला ते ऐकू आलं, पण मी आलं असं म्हटलं नाही. मग मी पहिली कॅसेट मागितली, त्यांनी दिली नाही, मी हातातून घेतली. "आमच्या बँडमधलं तू मला शिकवतीस का," असं म्हणाले ते. आमच्याच म्हणाले, हो. माझ्या लक्षात आलं. पण ते हात हलवत म्हणाले, डोळे मोठे करून. पस्तीस दिवसांनी त्यांचा आवाज वर चढला होता आणि माझ्यावर चढला होता. त्यांनी बस म्हटलं नाही. मी बसले.

चार वाजेपर्यंत भांडलो. निकाल लागला नाही. आता ते जनावरांना पाणी दाखवायला गेलेत, जाताना म्हणालेत, "पुढच्या शुक्रवारी दाखवतो तुला." मी हे लिहायला घेतलं.

तुम्ही असाल तिथून ऐकलं असेलच. मास्तर तुमच्याबद्दल जे दमाचं बोलले ते तुमच्या तोंडावर ते कधी बोलले नव्हते, आणि तुम्हाला त्यावर उत्तर सुचलं असेल, मला माहीत आहे, नक्की सुचलं असेल. पण सांगता येणार नाही. मध्ये शिरता येणार नाही. नुसतं ऐकून घ्यावं लागेल.

कसं लागतं ते बघा. मी बावीस वर्षं जळले, रशीदभाई. एखादा शुक्रवार तुम्हीही जळा.